काचेवरचा अंगठा

उद्या कोर्टात बेनचे वकील विचारणार, ती खिडकी किती उंच? नुसत्या फोटोवरून काय सांगणार, कप्पाळ! म्हणून मी दुपारीच स्कारवे गावी गेले.

मी बोटांचे ठसे जुळवते. आमच्या स्कॉटलंडात एकट्याच्या साक्षीवर कुणाला शिक्षा होत नाही, दुसरं तोंड लागतंच. म्हाताऱ्या जेसी मॅन्सनच्या खुनात बेनविरुद्ध पुरावा एकच, तिच्या खिडकीच्या काचेवरचा अंगठा. माझ्या सहकाऱ्याने, हेक्टरने, तो बेनचा ठरवला होता. दुसरं तोंड माझं.

जेसीच्या शेजारच्या मिसेस बज तिच्या घराची किल्ली घेऊन आल्या.

"परत आलीस का गं पोरी? काल काही विसरलीस?"

"मी पहिल्यांदाच येतेय."

"बरं बाई, तू म्हणशील तसं..." त्या हसल्या. "आज किटली तेवढी उतरवून जा."

आत ओल, रॉकेल आणि धुरवलेल्या माशांचा वास होता. किटलीला हात लावला. कोमट होती. खोटं कशाला सांगू, मी घाबरले.

सवयीने खिडकीच्या काचेवर श्वास सोडला. अंगठा उमटला, मधोमध आडवा व्रण. तो व्रण माझा होता. लहानपणी मॅगी आत्याकडे हेरिंग मासे चिरताना सुरी लागली होती. मी बाहीने काच खसाखसा पुसली, पुन्हा श्वास सोडला... अंगठा तिथेच.

दुसऱ्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात हातात फोटो आला. महिनोन्‌महिने पाहिलेला ठसा, पण व्रण आज दिसला. एकाने नाव सांगितलं की दुसऱ्याचे डोळे तेच बघतात, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

"हा बेनचा नाही," मी म्हणाले.

"मग कुणाचा?"

"माझा..."

कोर्टात हशा पिकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? न्यायाधीशांनी तिथेच माझा अंगठा शाईत बुडवायला लावला. हेक्टर भिंग घेऊन वाकला.

"मेरन, हा तुझा नाही," तो हळूच म्हणाला. "तुला व्रणच नाही."

"आणि फोटोत?"

"फोटोत आहे. बेनच्या अंगठ्यावर आहे, तसाच. पहिल्यापासून... काय झालंय तुला?"

मी अंगठा पुसून पाहिला. गुळगुळीत. पण 'हा बेनचा नाही' हे मी साक्षीत बोलून बसले होते. एकट्या हेक्टरचं तोंड पुरलं नाही आणि बेन सुटला.

बाहेर बेनने माझा हात हातात घेतला. "उपकार झाले, बाई."

"हा व्रण... कशाचा?"

"हा होय? लहानपणी. मॅगी आत्याकडे हेरिंग चिरताना."

तो टोपी घालून निघून गेला. मी पायरीवरच बसले. आत्याचं घर आठवू लागले. ओटा, सुरी, माशांची टोपली... काही म्हणता काही आठवेना.

आठवली ती जेसीच्या खिडकीची कडी. मी तिला कधी हातही लावला नव्हता. पण बाहेरून सुरीचं पातं घालून ती आवाज न करता कशी सरकवायची, ते माझ्या हाताला पाठ होतं.