त्साय आजोबांचे अकरा फोटो

वस्ती समितीचा नियम साधा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं दार रोज ठोठवायचं, दारात उभं करून फोटो काढायचा आणि फोनवरून समितीला पाठवायचा. युएचिनच्या वाट्याच्या दारांपैकी त्साय आजोबांचं सहाव्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नाही, आणि युएचिनच्या गुडघ्यांनी केव्हाच मान टाकलेली.

म्हणून तिने शक्कल लढवली. एकाच सकाळी आजोबांना अकरा वेळा कपडे बदलायला लावून अकरा फोटो काढून ठेवले. रोज एक पाठवायचा. आजोबांना भारी मौज वाटली.

"तपकिरी टोपी राहिलीच की गं," म्हणत ते स्वतःच आत गेले. शेवटच्या फोटोनंतर मात्र त्यांनी विचारलं, "म्हणजे आता अकरा दिवस येणार नाहीस?"

"जिन्यात कॅमेरे आहेत ना, आजोबा. सगळ्यांची नजर आहे तुमच्यावर."

बाराव्या दिवशी ती चढली, तेव्हा वास चौथ्या मजल्यापर्यंत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, निदान दहा दिवस झाले असतील.

दुपारी समितीच्या प्रमुख दुआनबाईंनी तिला बोलावलं. खोली गार होती, पडदे ओढलेले होते. नोकरी जाणार हे युएचिनला कळत होतं, पण आजोबांचा तो प्रश्न तिला जास्त जाळत होता. सगळं कबूल केल्याशिवाय आपल्याला घास गिळणार नाही, असं तिला वाटत होतं.

"बाई, मी गेलेच नव्हते..."

"उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस." दुआनबाईंनी संगणक तिच्याकडे वळवला. "मी पाहिलंय सगळं."

पडद्यावर सहाव्या मजल्याचा जिना होता. निळा कोट घातलेली युएचिन सावकाश चढत आली. गुडघ्यावर हात टेकून थांबली, ती नेहमी थांबते तशीच. तिने दार ठोठावलं. ते आतून उघडलं आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. अकराही दिवस, सकाळी दहाला.

"ही मी नाही..." युएचिन पुटपुटली. "त्या वेळी मी खाली शेंगदाणे सोलत बसलेली असायचे."

"कॅमेऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं का? अहवाल वर गेला. तू सुटलीस." मग दुआनबाईंचा आवाज खाली आला. "फक्त एक सांग, युएचिन. आत जाताना तू अकरा वेळा दिसतेस... बाहेर येताना एकदाही दिसत नाहीस."