राहिलेली भिंत

"लेक घर बघाया गेली, हात भिंतीला लावावा
चुना बोलतो गं खोटं, गारवा हातानं जाणावा..."

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत, कोरड्या नळाखाली हंडा लावून बसलेली आई असं गुणगुणायची. मी तेव्हा लहान. आई गेली, आवाज राहिला. म्हणूनच मोहने गावातल्या त्या विकाऊ फ्लॅटमध्ये शिरले, की मी आधी भिंतींना हात लावायचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा एजंट आलाच नव्हता. दार उघडलं ते सुदेशनं, मालकाच्या मुलानं. एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धी चिरलेली भेंडी.

"एजंट नाहीये. भेंडी आहे. चालेल?"

मला हसू फुटलं... आणि घर नीट बघायचंच राहिलं.

म्हणून पुन्हा गेले. मग पुन्हा. कधी पडद्यांची मापं, कधी नळाला पाणी किती वाजता येतं ते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. आज मात्र शेवटचं बघणं. परवा रजिस्ट्रेशन. बाबांची निवृत्तीची सगळी पुंजी या दोन खोल्यांत जायची होती, आणि दिव्याच्या मालकाला महिनाअखेर खोली रिकामी हवी होती. सह्या झाल्या, की सुदेश किल्ली देऊन गुहागरला वडिलांच्या बागेकडे निघून जाणार...

आंबिवली स्टेशनला रिक्षात बसले तेव्हापासून मनात एकच हिशोब. दोष सापडला तर घर हातचं जाणार. नाही सापडला, तर सुदेश.

"या इन्स्पेक्टरबाई," तो दारात उभाच होता. "आज कोणावर धाड?"

उत्तर देणार, तोच समोरच्या दारातून शेजारच्या हौसाबाई ताट घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, हळदकुंकू.

"काय गो पोरी, नवीन घरान रिकामी जातंस? थांब, ओटी भरतें. तू पन ये रं सुदेश, जोरीनं उबी ऱ्हावा!"

मी सुदेशकडे बघितलं. वाटलं, तो सांगेल, मावशी, आम्ही नवराबायको नाही. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. आणि मी... पदर नव्हता म्हणून ओढणी पुढे केली. हौसाबाईंनी नारळ घातला, माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, आणि "सुखान नांदा" म्हणत आत गेल्या.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?" मी कुजबुजले.

"तू ओढणी का पसरलीस?"

"आशीर्वादाला नाही म्हणू नये."

"मग मीही तेच केलं ना."

कान तापले माझे. नारळ ओट्यावर ठेवून मी नळ सोडले, बटणं दाबली, खिडक्या उघडमिट केल्या. बाहेर श्रावणातलं ऊनपाऊस चाललेलं, ओल्या चिंचेवर एक कावळा पंख झाडत होता. आतल्या खोलीत सुदेश नेहमीसारखा खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून उभा. हसत नव्हता.

"झालं," मी म्हणाले. "सगळं ठीक आहे. निघते मी."

"समिधा... थांब. एक भिंत राहिली."

तो बाजूला झाला. माझा हात त्यानं पहिल्यांदाच हातात घेतला आणि भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. नुसती गार नाही, ओली. बोटांना रंगाचा भुगा लागला.

"वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय. पप्पा म्हणाले, पुट्टी मारून टाक. डबा आणलेला... उघडला नाही."

"आणि दर वेळी टेकून उभा राहिलास!"

"तू हात लावशील, तुला कळेल, आणि परत येणार नाहीस... भीती वाटायची."

"बाबांचं सगळं आयुष्य यात घालायला निघालेले मी, सुदेश! आणि तू भेंडी चिरत होतास!" मला रडू आवरेना. त्याचा हात मी झटकला... खूप रागानं, आणि झटकल्यावर लगेच वाईट वाटलं.

"परवा सही नको करूस," तो हळूच म्हणाला. "पप्पांना सकाळीच फोन केला. चिडलेत. पण भिंत वाळल्याशिवाय घर विकायचं नाही, असं सांगितलंय मी."

"आणि आम्ही? महिनाअखेर कुठे जायचं आम्ही?"

"इथे." त्यानं खिशातून किल्ली काढली. "पुढची खोली कोरडी आहे. भाडंबिडं काही नको. दिवाळीपर्यंत राहा, भिंत बघा. नाही पटली तर सोडून द्या."

"तू गुहागरला चाललेलास ना?"

"वरचे दुरुस्तीला तयार झालेत. काम उभं राहून करून घ्यायला पाहिजे कोणीतरी. मित्राकडे राहीन, आंबिवलीला." मग खाली बघत, "तुला चालणार असेल तर..."

किल्ली त्याच्या तळहातावर तशीच होती. ती घेतली, तर बाबांना काय सांगू? नाही घेतली, तर स्वतःला काय सांगू? घेतली मी. आणि मूठ मिटली ती त्याच्या बोटांसकट.

"सुदेश, घर मला दुसऱ्या खेपेलाच पसंत पडलेलं."

"मग पडद्यांची मापं?"

"आमच्याकडे पडदेच नाहीयेत रे..." मी म्हणाले. "तुला बघायला यायचे मी."