झेंड्यावरचा लाल डाग

"शंभू, दोरी सोडू नकोस! सोडलीस तर पताकांची सगळी माळ गटारात जाईल!"

"मग तू ये ना वर, अक्का! खालून ओरडायला तुझं काय जातंय?"

शंभूराज देवळाच्या कमानीवर कसाबसा तोल सांभाळत बसला होता. उद्या पंधरा ऑगस्ट, आणि तोही साधासुधा नव्हे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती! शाळा दुपारीच सुटली होती, पुढे शनिवार-रविवार जोडून सुट्टी होती आणि बेंगळूरुच्या शिवाजीनगर बस स्टँडमागच्या त्या गल्लीतली झाडून सगळी मुलं अंबाभवानीच्या देवळापुढे कामाला लागली होती. म्हणजे काम तिघं करत होती, बाकीची सूचना देत होती.

तिघांपैकी शंभूराज सातवीत. हर्षिता त्याची मोठी बहीण, नववीतली. तिला घरात आणि गल्लीत सगळे अक्काच म्हणत. तिसरी शेजारची चंदना. ही पाचवीत, आणि हिच्या तोंडाला कुलूप घालणं अजून कुणाला जमलं नव्हतं. बेंगळूरुत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ही मराठी घरं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि भांडताना दोन्ही!

"सरका, सरका! झेंडा आलाय!" असं म्हणत नरसिंहरावकाका आले. काका गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी. काम कुठलंही असो, काका आधी आवाज चढवत आणि मग विचार करत. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोरा खादीचा झेंडा होता. इस्त्रीवाल्या मुनियप्पाकडून ते तो नुकताच घेऊन आले होते.

"बघा रे पोरांनो, कसा झालाय!" काकांनी मोठ्या ऐटीत झेंडा उलगडला, आणि त्यांची ऐट तिथेच विरली.

पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला, दोरी बांधतात त्या बाजूला, एक लालभडक डाग होता!

"अगं बाई! रक्त!" चंदना किंचाळली.

"रक्त कसलं? पान!" शंभूराज कमानीवरूनच ओरडला. "काका, मुनियप्पाअण्णांच्या तोंडात सदा पान असतं. त्यांचीच पिंक पडलीय!"

एवढं पुरे होतं. विचार करायची वेळ आलीच नाही. काका झेंडा घेऊन तरातरा निघाले, मागून मुलांची वरात, कमानीवरून उतरलेल्या शंभूराजसकट. कोपऱ्यावर करंजाच्या झाडाखाली मुनियप्पाची इस्त्रीची गाडी होती. कित्येक वर्षं तो तिथेच उभा राहून गल्लीचे कपडे कडक करत आला होता.

"हे काय आहे? अं?" काका गरजले.

मुनियप्पाने डाग पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "नान् एनू माडिल्ल, स्वामी," तो हळूच म्हणाला. मी काही केलं नाही!

"मग डाग आला कुठून? आकाशातून?"

मुनियप्पाने मान खाली घातली.

"बघा! तोंड आहे का बोलायला? राष्ट्रध्वजाचा अपमान म्हणजे गुन्हा आहे गुन्हा! तीन वर्षं आत जाशील. संध्याकाळी देवळात सगळ्यांना हा पुरावा दाखवतो आणि तिथून तडक पोलीस स्टेशन गाठतो!"

काका गेले. मुनियप्पाने इस्त्री बाजूला ठेवली आणि तो तिथेच खाली बसला. हर्षिताने ते पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं.

परत येताना भावाबहिणीची चांगलीच जुंपली.

"बरोबर बोलले काका," शंभूराज म्हणाला. "झेंड्यासाठी लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्याचा अपमान केला तर शिक्षा व्हायलाच पाहिजे!"

"होऊ दे की. पण अपमान झालाय हे ठरवलं कुणी? तू? झाडावरून?"

"झाडावर नव्हतो, कमानीवर होतो. आणि डाग ढळढळीत दिसतोय!"

"डाग दिसतोय रे. तो पाडणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसतंय का?"

"गुन्हा म्हणजे गुन्हा, अक्का. कोणीही असो! आपल्या घरातला माणूस असला तरी!"

"कुणी झेंड्यावर शिंकलं तर?" चंदनाने मध्येच विचारलं. "थुंकी तर शिंकेतही असते. मग सर्दी झालेले सगळे तुरुंगात?"

"तू गप्प बस!" दोघंही एकदम म्हणाली.

पण हर्षिताच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. "शंभू, पिंक कधी पाहिलीयस नीट? बस स्टँडच्या भिंतीवर?"

"शी! बघायची काय त्यात?"

"तिचे शिंतोडे उडतात. इकडे तिकडे बारीक ठिपके पडतात. झेंड्यावर एकच डाग होता, गोल आणि कडेला फिकट होत गेलेला. ती पिंक नाही!"

शंभूराजला डाग पुन्हा आठवला. खरंच की!

"मग अण्णा बोलले का नाहीत?" त्याने विचारलं.

"तेच तर विचारायचंय. चल मागे!"

तिघं पुन्हा करंजाखाली आली, तर तिथे निराळाच प्रकार! मुनियप्पा गाडीतले कोळसे विझवून सामान आवरत होता. धुण्याच्या साबणाची ओली वडी, रिकामी बादली, पंचा, सगळं एका चादरीत चाललं होतं.

"कुठे निघालात, अण्णा?" हर्षिताने कन्नडमध्ये विचारलं.

"कोलारला. गावाकडे. पोलीस यायच्या आत निघतो, मगळे," तो म्हणाला. मगळे म्हणजे पोरी. हर्षिताला तो तेच म्हणे. "चोर म्हणाले असते तर सोसलं असतं. झेंड्यावर थुंकला म्हणाले. आता ह्या गल्लीत कपडा कोण देणार?"

"तो डाग कशाचा आहे ते तुम्हाला माहितीय. हो ना?"

"मला विचारू नका," असं म्हणून मुनियप्पाने चादरीची गाठ मारली.

शंभूराजला तिथे उभं राहवेना. आपण वरून एक शब्द टाकला काय आणि ह्या माणसाने बोचकं बांधलं काय! "अण्णा, संध्याकाळपर्यंत थांबा. स्वल्प, थोडंच थांबा! आम्ही शोधून काढतो," तो कसंबसं म्हणाला.

मुनियप्पाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

घरी आल्या आल्या हर्षिता मोरीत शिरली. पताका चिकटवून दोन्ही हात खळीने बरबटले होते. ती साबण चोळत होती, तोच आतून जमनाआत्याची हाक आली. आत्या बाबांची थोरली बहीण. घर तिच्याच शिस्तीत चाले.

"शंभू, उद्याचा नवा शर्ट बाहेर काढून ठेवलाय रे. घालून बघ, आखूड नाही ना. मी देवळात चालले."

"अक्का, जरा दे ना तो शर्ट!" शंभूराजने फर्मान सोडलं.

"तुला पाय नाहीत?" असं म्हणत हर्षिताने साबणाच्या ओल्या हातांनीच शर्ट उचलला. पांढराशुभ्र शर्ट. खालच्या टोकाला आत्याने नेहमीप्रमाणे हळदीचं बोट लावलेलं. नवं वस्त्र घरात आलं की त्याच्या टोकाला हळद लागल्याशिवाय ते कुणाच्या अंगावर चढत नसे.

आणि बघता बघता ते पिवळं बोट लाल झालं!

"शंभू! चंदना! इकडे या!"

तिघं शर्टावर वाकली. तोच रंग! तसाच गोल डाग, तसाच कडेला फिकट!

"हळदीला साबण लागला की ती लाल होते," हर्षिता भराभर बोलू लागली. "अण्णांकडे साबणाची ओली वडी होती. त्यांनी पिवळा डाग पाहिला आणि धुवायला गेले!"

"पण झेंड्याला हळद कुठे लागली?" चंदनाने विचारलं. "झेंडा काय वरणात पडला होता?"

"दुकानातून आणल्यावर तो कुठे होता?" हर्षिताने विचारलं.

"काकांच्या घरी रंगकाम चाललंय. म्हणून त्यांनी तो..." शंभूराज बोलता बोलता थांबला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणून त्यांनी तो आपल्याकडे ठेवला होता. परवा. देवघरात."

हर्षिताने शर्टाच्या लाल टोकाकडे पाहिलं. नवं वस्त्र घरात आलं होतं!

"आत्या!" शंभूराजने बहिणीचा हात धरला. "अक्का, तीन वर्षं! आत्याला?"

"कोणीही असो, असं कोण म्हणत होतं मघाशी?" चंदना म्हणाली, आणि शंभूराजचा चेहरा पाहून तिने पहिल्यांदाच आपणहून जीभ चावली.

"नाही सांगितलं तर?" त्याने विचारलं.

"तर अण्णा जातील. नाहीतर पोलीस त्यांना नेतील."

शंभूराजने डोळे पुसले, तो शर्ट आणि साबण उचलला आणि म्हणाला, "पानाचं मीच बोललो होतो. हळदीचंही मीच बोलणार. चला!"

देवळाच्या मंडपात सगळी गल्ली जमली होती. मुनियप्पा अजून गेला नव्हता; तो खांबाला टेकून उभा होता, बोचकं पायाशी. काका जोशात होते. झेंड्याची घडी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "हा पुरावा! कुणी हात लावायचा नाही! पन्नास वर्षं झाली आपल्याला, आणि आपल्याच गल्लीत, आपल्याच झेंड्याचा असा अपमान! मला तर हे सांगतानासुद्धा..."

काकांना बोलता बोलता दम लागला. त्यांनी कपाळ पुसलं आणि धप्पकन खुर्चीवर बसले.

"काका! तुम्ही झेंड्यावर बसलात!" चंदनाचा आवाज मंडपभर घुमला.

काका खुर्चीतून असे उडाले की त्यांचा चष्माच खाली पडला. मागच्या बायकांत खसखस पिकली.

"काका, आता तुम्हालाही तीन वर्षं का हो?" हर्षिताने अगदी गरीब चेहरा करून विचारलं.

"काहीतरीच काय! मी मुद्दाम थोडाच बसलो? चुकून बसलो!"

"तुम्ही चुकून बसलात हे आम्ही लगेच मानलं," हर्षिता म्हणाली. "मग मुनियप्पाअण्णांनी मुद्दाम केलं, हे न विचारताच कसं ठरलं?"

काका खाली वाकून चष्मा शोधू लागले.

शंभूराज पुढे झाला. "तो डाग पानाचा नाही. मी खोटं... म्हणजे न बघता बोललो. हे बघा!" नव्या शर्टाच्या दुसऱ्या टोकालाही हळदीचं बोट होतं. त्याने ओला साबण चोळला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल झालं.

"हळद!" काका पुटपुटले. "पण लावली कुणी?"

शंभूराजची नजर बायकांकडे वळली.

"मी!" बायकांतून जमनाआत्या उठली. "मी लावली. परवा नवं वस्त्र म्हणून घरात आलं. देशाचं वस्त्र! त्याला हळद न लावता कसं देऊ? केशरीवर दिसायची नाही, म्हणून चांगली पांढऱ्यावर लावली. अपमान होतो हे नव्हतं मला ठाऊक." ती मुनियप्पाकडे वळली. "आणि तुला कळलं होतं ना रे? बोलला का नाहीस?"

"तुमचं बोट ओळखलं, जमनाक्का," मुनियप्पा खाली बघत म्हणाला. "तुमच्या घरातल्या प्रत्येक नव्या कपड्याला असतं. झेंड्यावर खूण नको, म्हणून साबण लावला, तर ते लाल झालं. उन्हात टाकला असता तर गेलं असतं. पण ऊन कुठंय? इस्त्रीनेच वाळवून कागदात ठेवला, तेवढ्यात साहेब आले आणि घेऊन गेले. मग तीन वर्षं म्हणाले. तुमचं नाव कसं घेऊ?"

आत्याचे डोळे भरून आले. पण ती आत्या होती! "नरसू," ती काकांना म्हणाली. काका धोतरासारखा टॉवेल गुंडाळून पळायचे तेव्हापासून ती त्यांना नरसूच म्हणे. "चल, ने मला स्टेशनात. स्वल्प थांब, शाल घेते."

"जमनाक्का, लाजवू नका," काका म्हणाले. त्यांचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला होता. ते मुनियप्पापुढे गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "चुकलो मी."

"मीपण," शंभूराज म्हणाला. "मन्निसी, अण्णा." माफ करा! पण मुनियप्पा बोचकं उचलून घरी गेला.

"कायदा हवाच," घरी जाताना शंभूराज अक्काला म्हणाला. "जो मुद्दाम झेंडा जाळेल, तुडवेल, त्याच्यासाठी. पण आधी नीट बघायला हवं."

"हे आता बोललास!" अक्का म्हणाली आणि तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

डाग पडलेला झेंडा काकांनी मानाने घडी घालून बाजूला ठेवला आणि स्कूटर काढून खादीच्या दुकानातून दुसरा आणला. सकाळी गल्ली नटूनथटून खांबाभोवती उभी राहिली. झेंडा उलगडला, तर घडीच्या ठळक सुरकुत्या! इस्त्री हवी होती. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

काकांनी झेंडा दोन्ही हातांवर घेतला आणि ते चालत करंजापर्यंत गेले. मागून सगळी गल्ली. मुनियप्पा तिथे होता, पण गाडी थंड होती.

"इस्त्री करून दे, मुनियप्पा," काका म्हणाले. "तुझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातात मी तो देणार नाही."

मुनियप्पाने कोळसे पेटवले, हात धुतले आणि गाडीवर स्वच्छ चादर अंथरली. इस्त्री आधी स्वतःच्या पंच्यावर फिरवून पाहिली आणि मगच झेंड्यावर ठेवली. गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही. जमनाआत्याने तर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"शाब्बास पोरांनो!" काका तिघांना हळूच म्हणाले. "तुम्ही नसता तर आज मी ह्या माणसाला मुकलो असतो."

"मी ओरडले नसते तर तुम्ही अजून झेंड्यावरच बसला असता," चंदना म्हणाली, आणि काका खरंच मनापासून हसले.

कपडा सरळ झाला. आता तो उचलायचा होता, आणि एकट्याच्या हातात त्याचं एक टोक जमिनीला लागलं असतं. मुनियप्पाने मान वर केली. समोर मोठी माणसं होती, काका होते. त्याने गर्दीत मागे उभ्या असलेल्या शंभूराजला बोटाने खूण केली.

"ये. ते टोक धर," तो म्हणाला. "खाली टेकू देऊ नकोस."

शंभूराजने हात सदऱ्याला पुसले आणि ते टोक दोन्ही हातांनी धरलं.