दुसऱ्यांदा लावलेला कौल

ठेवा ते मोबाइल खाली, मग सांगतो. आणि पोरांनो, हसायचं नाही. रोहिदास माझ्या उठण्याबसण्यातला माणूस आहे.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. रोहिदास चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून हॉस्पिटलात गेला, तिथून अंधार पडता पडता म्हसोबाला. थोरला भाऊ दौलतराव आठवडाभर तिथं श्वासाच्या मशीनवर. डॉक्टर धड काही सांगेनात. घरी म्हातारी आई सोजराबाई एकच विचारायची, "माझा दौलत घरी कवा येनार?" तिला काय सांगावं, या घोरानं बिचारा अर्धा झाला होता.

म्हसोबा कंपनीच्या भिंतीला खेटून. जमिनी गेल्या, देव तेवढा राहिला. तिथं गोजाबाई कौल लावते. शेंदराच्या दगडावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

"देवा, दादा घरी येईल का?"

डावी पडली.

"न्हाई म्हनतोय," गोजाबाई म्हणाली. "जा लेकरा घरी. परत इचारू नगं. देव एकदाच बोलतो."

"आन् परत विचारलं तर?"

ती बॅटरी घेऊन चालू लागली.

रोहिदास तिथंच बसला.  कुठल्या तोंडानं आईसमोर जाणार? शेवटी त्यानं स्वतःच पाकळ्या भिजवल्या. लावल्या. तेच विचारलं.

वारा नव्हता. भिंतीपलीकडची घरघरही थांबलेली...

उजवी पाकळी हलली.

पडली नाही. सरकली... कुणी बोटानं ढकलावी तशी. मग पडली.

होय.

आणि त्याच्या मागं कुणीतरी श्वास सोडला. लांब. दमलेला...

बाबा रे! पळत सुटला तो. वाटेत फोन वाजला. हॉस्पिटलचा. दौलतराव गेला होता. आत्ताच.

घरी आला तर दार सताड उघडं. म्हातारी उंबऱ्यात बसलेली. हसत होती.

"हळू बोल रं. दौलत आलाय."

रोहिदासनं आत डोकावलं. अंधार होता.

"काय बी बोलला न्हाई. लई दमलाय. आडवा झालाय आत."

तो आत गेला. दिवा लावला.

कुणी नव्हतं.

अंथरूण मात्र दबलेलं. हात लावला... गार.

आणि उशीवर पांढरी चिकटपट्टी. सलाइनची सुई हातावर धरून ठेवतात ना, ती. मनगटाचे दोनचार केस तिला चिकटलेले. रक्त अजून ओलं होतं.