मनगटाचा ताळा

केमिस्ट्रीचा पेपर संपला आणि मिरजेच्या परीक्षा केंद्राच्या फाटकातून पोरं बाहेर पडली. पेपरात काय आलं होतं ते एकालाही आठवत नव्हतं. तरी सगळी नेहमीप्रमाणे समोरच्या रसवंतीकडे उत्तरं जुळवायला निघाली. सवय म्हणतात ती हीच.

आठवू नये अशी सोयच होती. पेपरफुटीने हैराण झालेल्या परीक्षा मंडळाने शेवटी प्रश्नपत्रिकेला कुलूप लावायचा नाद सोडला आणि परीक्षार्थीच्या डोक्यालाच कुलूप लावलं. उत्तरपत्रिका गोळा झाल्या की प्रत्येकाला एक गोळी मिळे. ती भिनेपर्यंत जागेवरून उठायची परवानगी नसे. गोळीचं शास्त्रीय नाव विस्मृतिका. पोरं तिला पुसणी म्हणत. ताजी आठवण ओल्या सिमेंटसारखी असते, घट्ट व्हायला तिला वेळ लागतो. पुसणी तिला घट्ट होऊच देत नसे. वर्षभर घोकलेलं आधीच पक्कं झालेलं असल्याने शाबूत राही, वर्गातला वेळ तेवढा पुसला जाई. त्यामुळे तेच प्रश्न दर वर्षी, दर गावी वापरता येत आणि लातूरचा मुलगा नि मिरजेची मुलगी एकाच मापाने मोजता येत. पालक खूश होते. प्रश्नच कुणाला ठाऊक नाहीत, तर विकणारे विकणार काय?

पण पोरंही काही दूधखुळी नव्हती. प्रश्न पुसला गेला तरी त्याने फोडलेला घाम पुसला जात नाही, हे आधीच्या एका तुकडीने हेरलं होतं. एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं आणि धड्यांची नावं घेत जायचं. ज्या नावाला नाडी उसळेल त्या धड्याने दगा दिला असं समजायचं. याला म्हणत मनगटाचा ताळा. रसाचा पेला एका हातात आणि मित्राचं मनगट दुसऱ्या हातात, असं ते सगळं दृश्य असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावात साथ आली आहे.

रेवती आजगावकर आणि शमा मुलाणी हा ताळा कायम एकमेकींशीच करत. दोघी पाचवीपासून एका बाकावर, आणि या परीक्षेतही दोघींचे नंबर शेजारीशेजारी आले होते. निकालानंतर पुण्यात एकाच कॉलेजात शिकायचं, एकाच खोलीत राहायचं, हे पक्कं होतं. खिडकीजवळचा पलंग कुणाचा, यावरचं भांडणसुद्धा आगाऊ उरकून झालं होतं.

"हात दे की गं," शमा म्हणाली आणि तिने रेवतीच्या मनगटावर बोटं टेकवली. मग तिच्या भुवया वर गेल्या. "अगं, मी अजून एका धड्याचं नाव घेतलं नाही! एवढी कशानं पळायला लागली तुझी नाडी?"

रेवतीने हात हिसकावून घेतला. पेपराचं तिला काहीच वाटत नव्हतं. शमाचा चेहरा इतक्या जवळून बघवत नव्हता. इथून पळून जावंसं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. रस तसाच ठेवून ती निघाली.

ती थेट आत्याकडे गेली. डॉक्टर मालती आजगावकर पुसणी तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. निवृत्तीनंतर त्या लोणच्याकडे वळल्या होत्या आणि आत्ता विळीवर कैऱ्या चिरत होत्या.

"आत्या, तुमची पुसणी सगळं पुसते ना?"

"घडलेलं पुसते. वाटलेलं नाही पुसत." आत्याने मान वर केली नाही. "काय घडलं ते मेंदूत एका जागी साठतं, त्याची धास्ती दुसऱ्या जागी. आमची गोळी पहिल्या जागेपुरतीच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना? आमच्या गोळीने दूध विसरायला होतं. फुंकर राहते."

"मला शमालाच फुंकर मारावीशी वाटतेय," रेवती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तिने मला काही केलं, का मी तिला?"

आता आत्याने विळी बाजूला सारली. "नाडीला ते सांगता येत नाही, बाळा. भीती असो, राग असो नाहीतर लाज, मनगटावर सगळ्यांची चाल एकच."

"मग कळायचं कसं?"

"वर्गात कॅमेरे असतात. तू तक्रार केलीस तर चित्रण उघडतील. पण मग जे दिसेल ते मंडळालाही दिसेल. कुणी कुणाचं बघून लिहिलेलं आढळलं, तर दोघींचे पेपर रद्द."

"तुम्हाला हे आधी कळलं नव्हतं?"

"आम्हाला एवढंच विचारलं होतं की मुलं प्रश्न विसरतात का. विसरत होती." आत्याने विळी पुन्हा पुढे ओढली. "काही मुलं बाहेर येऊन रडायची. आम्ही लिहून ठेवलं, पेपर अवघड गेला असेल."

त्यानंतरचे दिवस रेवतीने स्वतःची उलटतपासणी करण्यात घालवले. आपण शमाकडे उत्तर मागितलं असेल आणि तिने कागद झाकला असेल. किंवा शमा आपलं बघत होती आणि आपण हात वर करून पर्यवेक्षकांना सांगितलं असेल. दोन्ही गोष्टी होऊ शकतात असं तिला वाटत होतं. दुसरी आपल्या हातून होऊ शकते हे तिला पटलं, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली. तक्रार करण्याची मुदत तिने जाऊ दिली. आपल्या मनाच्या शांतीसाठी शमाचं वर्ष पणाला लावणं तिला जमेना.

मुदत संपली त्या संध्याकाळी तिने शमाला रसवंतीवर बोलावून घेतलं.

"शमा, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"माहीत नाही. मी काहीतरी केलंय असं धरून चाल."

"येडी का काय तू!" शमा खो-खो हसली. "केलं माफ, जा. माझ्या मनात काही नाही बघ." आणि तिने मनगट पुढे केलं. "घे, कर ताळा."

रेवतीने बोटं टेकवली. सगळे धडे एकेक करून घेतले. नाडी संथ चालली होती. शेवटी तिने धीर करून म्हटलं, "रेवती."

बोटांखाली नाडी उसळली, आणि उसळतच राहिली.

शमा अजून हसत होती. ती खोटं हसत नव्हती. आपल्या हातात काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. "काय म्हणते?" तिने विचारलं. "जायचं ना पुण्याला? खिडकीजवळचा पलंग दिला तुला."

"एकदम शांत आहे," रेवती म्हणाली आणि तिने हात सोडला.

ही गोष्ट मात्र तिला जन्मभर आठवणार होती.