पाणमांजराचा दात

आंबोशी खाडीकाठी माणसांनी राहावं की नाही, हे त्या काळी पाणमांजरं ठरवत. अणुभट्टीच्या अपघातानंतर तसा कायदाच झाला होता. जिथे रानटी जनावरांच्या अंगात मर्यादेबाहेर किरणोत्सार जात नाही, तिथेच माणसांनी परतायचं. तो किती जातो हे सांगायचं डॉ. शाल्मली खोबरेकरने. सात वर्षांपूर्वी तिच्या एका सहीवर अख्खं आंबोशी पुन्हा वसलं होतं.

"म्हणजे जनावराक न धरताच मोजलंस गो?" जानकीकाकू तारींनी विचारलं. काकू आंबोशीच्या सरपंच. जाळ्यात अडकून मेलेलं पाणमांजर गोणीत घालून त्या स्वतःच शाल्मलीच्या शहरातल्या प्रयोगशाळेत घेऊन आल्या होत्या.

"आधी 'मापजीव' वापरला, काकू. संगणकातलं पाणमांजर. पाय नाहीत, शेपूट नाही, नुसता अंड्यासारखा गोळा. त्याच्याभोवती खाडीचं पाणी आणि चिखल धरायचा आणि हिशेब करायचा. मग खऱ्या पाणमांजरांच्या गळ्यात मापकाचे पट्टे बांधले. दोन्ही आकडे जुळले."

"मगे झाला तर!"

शाल्मलीलाही सात वर्षं तसंच वाटत आलं होतं. तिसरी पद्धत तिने खरं तर शोधनिबंधाला शोभा यावी म्हणून घेतली होती. दातावरच्या इनॅमलमध्ये अंगात मुरलेल्या किरणोत्साराची खूण उमटते आणि ती कधी पुसली जात नाही. तिने पाणमांजराचा दात यंत्रात ठेवला.

आकडा मर्यादेच्या चाळीसपट आला. तिने दात काढून पुन्हा ठेवला. तोच आकडा. ती स्टुलावर बसली.

"पट्टो तर गळ्यातच होतो मा?"

"पट्टा बाहेरचं मोजतो, काकू. घरातली चूल अंगणातल्या माणसाला भाजते का? हे आत आहे, हाडांत. स्ट्राँशियम म्हणतात त्याला. शरीर त्याला कॅल्शियमच समजतं. चिखलातलं सगळं शिंपल्यांनी आपल्या कवचात ओढून घेतलं, आणि पाणमांजरांनी शिंपले खाल्ले."

काकूंचा जीव भांड्यात पडला. "आमी शिंपले खातच नाय. तूच बंदी घातलंस. भाजून चुनो काढतंव, तेवढाच. चुन्याक खाणा कोण म्हणता?"

त्यांच्या गालात पान होतं.

शाल्मली त्या पानाकडे बघत राहिली. भाजून शिंपल्याची राख होते, त्यातलं स्ट्राँशियम जात नाही. नुसत्या खबरदारीपोटी काढलेल्या बंदीच्या हुकुमात चुना हा शब्दच तिने घातला नव्हता. आणि गाव वसलं त्याच वर्षी, ती गरोदर असताना, काकू दर महिन्याला डबी पाठवत. रोज दह्यातून कणभर चुना घे, बाळाची हाडं घट्ट होतात. तिने तो नेमाने घेतला होता. कौतुकाने घेतला होता.

तिच्या पर्समध्ये कापसात गुंडाळलेला एक दुधाचा दात होता. लेकीचा, रेवाचा पहिला पडलेला दात. शहरातल्या फ्लॅटला कौलं कुठली, म्हणून तो काकूंच्या कौलावर टाकायला रेवाने सकाळी मोठ्या विश्वासाने दिला होता. शाल्मलीने तो बाहेर काढला.

"दी हकडे," काकू हात पुढे करून म्हणाल्या. "मी टाकतंय कौलार."

शाल्मलीने दात यंत्रात ठेवला.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला : प्राणी कोणता? पाणमांजर, कोल्हा, रानडुक्कर, साळिंदर. माणूस हा पर्याय नव्हता. माणसाला मोजायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. तिने पाणमांजर निवडलं.

जनावरांसाठी ठरलेली मर्यादा माणसांपेक्षा कितीतरी सैल असते. रेवाने तीही ओलांडली होती.