मथुरावहिनीच्या फोनातला दूधवाला

"डिजिटल रुपया म्हणजे खिशातली कॅश. कोणाले पत्ता नाही लागत," हिरालाल चहाच्या टपरीवर म्हणाला.

"सरकार सगळं पाहून राहिलं, काका! लावा शर्त," शेजारचा ओमप्रकाश उसळला. हरेल त्यानं मरोदा बाजारात भरदिवसा कान धरून मुर्गा बनायचं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मथुरावहिनी हिरालालच्या दारात.

"भाऊजी, फोन आला. घोगरा आवाज. म्हणे, सरकारी खात्यातून बोलतो. गुलाब दूधवाल्याले एवढे पैसे कावून पाठवता? दंड भरा, नाहीतर नवऱ्याले सांगतो."

"मग? दूधच तर आहे!"

वहिनी रडायलाच लागली. दूधवाला नव्हताच. ती नीतू होती. वहिनीचीच पोरगी, जातीबाहेर लग्न केलं म्हणून बाप हेमराजनं तोडलेली. भिलाई-३ला राहायची, दिवस भरत आलेले.

"यायले समजलं तर पोरीची दवाई बंद, भाऊजी."

"गुलाब नाव कोणी टाकलं?"

"मीच. माह्या फोनात."

"फोन कोणाच्या हाती जाते?"

"रिचार्जले अतुलच्या दुकानात. वॉलेट अडकलं की ओमप्रकाशकडे."

"अन् पिन?"

"यायचा स्टील प्लांटातला हजेरीचा टोकन नंबर."

हिरालालनं कपाळावर हात मारला. तो नंबर हेमराजच्या सायकलवरही रंगवलेला होता. अख्ख्या मोहल्ल्याचे पिन असेच.

त्यानं फोन घेतला, काहीतरी खुडबुड केली आणि वहिनीला अतुलकडे धाडलं. परत आल्यावर पुन्हा खुडबुड, मग ओमप्रकाशकडे.

घोगरा आवाज लगेच आला. "आता धोंडबा बँडवाल्यालेही पैसे? दंड डबल!"

हिरालालनं वहिनीला सोबत घेतलं आणि भर बाजारात ओमप्रकाशची कॉलर धरली.

"सरकारले दिसलं असतं तर खरं नाव दिसलं असतं. गुलाब तर वहिनीच्या फोनातच जन्मला! म्हणजे चोर फोन उघडणारा. अतुलकडे फोन गेला तेव्हा त्याच नंबरावर मी नाव टाकलं होतं मोती कुंभार. धोंडबा बँडवाला फक्त तुह्याकडे आला, बेट्या. ठाण्यात नंतर जाऊ. आधी मुर्गा!"

ओमप्रकाश वाकला. कान धरले. वाकल्या वाकल्याच दात काढून ओरडला, "हेमराजदादा, बायकोले विचारा ना, दूधवाला कोण!"

हसणं थांबलं. गर्दीतून हेमराज पुढे आला.

"कोण?"

"नीतू," मथुरा म्हणाली. नंबर लावून फोन तिनं नवऱ्यासमोर धरला. "तुमचीच पोरगी आहे. बोला, नाहीतर मी चालली तिच्याकडे."

घंटी वाजत राहिली. ओमप्रकाश अजून कान धरून वाकलेलाच होता, पण त्याच्याकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळे हेमराजच्या हाताकडे पाहत होते.